स्काऊटच्या पोरांना घेऊन जिओकॅशिंगमधून गावचा इतिहास शोधायचाय, डबे कुठं ठेवावेत?

स्काऊट_सर_खानापूर

नमस्कार मंडळी. मी बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यात एका मराठी शाळेत शिकवतो आणि शाळेचं स्काऊट पथक पण माझ्याकडंच आहे. २४ मुलं, तीन संघ, सातवी ते नववीची. होकायंत्र, नकाशा, मागखुणा हे सगळं सोपानाच्या (स्काऊटच्या टप्प्यांच्या) परीक्षेला असतंच, पण खरं सांगायचं तर पोरं ते पाठ करतात आणि परीक्षा झाली की विसरतात, कारण शाळेच्या मैदानात उत्तर दिशा कुठली हे विचारून काय होणार, मैदानाच्या चारी कोपऱ्यात काय आहे ते पोरांना डोळे मिटून माहीत असतं.

तर जिओकॅशिंगबद्दल वाचलं. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात, कुणीतरी एक डबा लपवतो, आत एक छोटी वही आणि पेन्सिल, त्या जागेचे अक्षांश-रेखांश जाहीर करतो, आणि दुसऱ्यानं जीपीएसवर तो शोधून वहीत नाव लिहायचं आणि डबा होता तसा परत ठेवायचा. सुरुवात कशी झाली ते पोरांना सांगितलं तेव्हा वर्ग एकदम शांत झाला. अमेरिका जीपीएसच्या सिग्नलमध्ये आधी मुद्दाम चूक ठेवायची, त्यामुळं साध्या माणसाच्या यंत्रात शंभर मीटरपर्यंत फरक यायचा. मे २००० च्या सुरुवातीला ती चूक काढली, आणि लगेच ३ मे ला ऑरेगन राज्यात डेव्ह उल्मर नावाच्या माणसानं एक बादली रानात ठेवून तिचे आकडे इंटरनेटवर टाकले. बादलीत पुस्तकं, व्हिडिओ आणि एक गलोल. गलोल म्हटल्यावर पोरांनी लगेच विचारलं सर आपण पण ठेवायची का!

माझ्या डोक्यात असं आहे की आठ डबे करायचे आणि आठही जुन्या जागांजवळ. हलशीचं भूवराह नृसिंह मंदिर, नंदगडला इंग्रजांविरुद्ध लढलेल्या संगोळ्ळी रायण्णांची जागा, बेळगावचा किल्ला आणि त्यातली कमल बस्ती म्हणजे जुनं जैन मंदिर, राजहंसगड, जमलं तर भीमगड. शिवाय आमच्या गावातला तलाव, वेशीचा मारुती आणि बुरुजाचा राहिलेला भाग. प्रत्येक डब्यात त्या जागेची माहिती लिहिलेलं कार्ड. दिवाळीत हीच पोरं मातीचे किल्ले करतात, रायगड प्रतापगडची एकेक वाट त्यांना तोंडपाठ आहे, पण स्वतःच्या गावच्या तलावावर कोरलेला दगड आहे त्यावर काय आहे विचारलं तर कुणालाच सांगता येत नाही. मलाही दोन वर्षांपूर्वीपर्यंत येत नव्हतं. हे मला फार लागतं, म्हणून हा खटाटोप.

विचारायचं एवढंच की डबे नक्की कुठं ठेवायचे, परवानगी कुणाची लागते, आणि कुणी असं काही मुलांना घेऊन केलंय का? बजेट जवळजवळ नाहीच, माझा मोबाईल आणि अजून दोन पालकांचे मोबाईल एवढंच.

---

डबा_शोधक

सर कल्पना एक नंबर आहे. मी मूळचा शहापूरचा, आता पुण्यात असतो, सात-आठ वर्षं हा खेळ खेळतोय. काही गोष्टी आधीच सांगून ठेवतो कारण मुलांबरोबर चुकलं की त्यांचा उत्साह जातो.

पहिलं म्हणजे आकडे लिहायची पद्धत एकच ठरवा. जिओकॅशिंगवाले अंश आणि दशांश मिनिटं वापरतात, गुगल मॅप दशांश अंश दाखवतो, आणि पोरं दोन्ही मिसळतात. बेळगाव साधारण १५ अंश ५१ मिनिटांवर आहे, म्हणजे दशांशात १५.८५. कुणी भाबडेपणानं १५.५१ टाकलं तर तुम्ही जवळजवळ ३८ किलोमीटर दक्षिणेला जाता, आणि रेखांशातही तीच चूक केली तर थेट घाटातल्या रानात पोचता. माझ्या पुतण्यानं हे केलेलं, नशीब की घरीच नकाशावर दिसलं. पोरांना हे गणित फळ्यावर करून दाखवा, ६० नं भागायचं का ते एकदा समजलं की आयुष्यभर विसरत नाहीत. आणि दशांश अंशात लिहिणार असाल तर टिंबानंतर पाच आकडे लिहायला लावा, चारच लिहिले तर ११ मीटरपर्यंतचा फरक तिथंच आला, वर मोबाईलची स्वतःची पाच-दहा मीटरची चूक असतेच, झाडीखाली आणखी जास्त.

दुसरं, डबा कधीही पुरायचा नाही. हा खेळाचा मूळ नियम आहे, जमीन खणायचीच नाही. खायचं काही ठेवायचं नाही, मुंग्या आणि उंदरं डबा फोडतात. घट्ट झाकणाचा प्लास्टिकचा डबा घ्या, तुमच्याकडं जांबोटी-कणकुंबी बाजूचा पाऊस म्हणजे वही लगदा झालीच म्हणून समजा, त्यामुळं सगळं दिवाळीनंतर करा. भिंतीच्या भोकात किंवा दगडाखाली हात घालायचा नाही, आधी काठी. स्काऊटकडं काठी असतेच.

तिसरं, अधिकृत साईटवर टाकायची घाई करू नका. तिथं प्रत्येक कॅश, म्हणजे लपवलेला डबा, स्वयंसेवक तपासतात, दोन डब्यांत १६१ मीटर अंतर लागतं, आणि डब्याची देखभाल वर्षानुवर्षं करायची जबाबदारी ठेवणाऱ्याची. पहिलं वर्ष फक्त शाळेपुरतं करा, आकडे वहीत, बाहेर कुठं टाकूच नका.

---

हलशीचा_भाचा

सर, राग मानू नका पण मला तुमची यादी वाचून काळजी वाटली म्हणून लांब लिहितोय.

माझं आजोळ हलशीजवळ. लहानपणापासून सुट्टीत तिथंच असायचो. आपल्या भागात जुनं देऊळ आणि रात्री खणलेला खड्डा हे समीकरण तुम्हाला माहीत असेलच, गुप्तधनाच्या नादानं लोकांनी किती मूर्त्या हलवल्या, किती वीरगळ, म्हणजे लढताना मेलेल्या वीरांचे कोरीव दगड, मधोमध फोडले, पिंडीखाली खणून ठेवलं. माझ्या आजोळच्या शिवारात एक सुंदर दगड होता, तीन चौकटींचा, एका अमावस्येला कुणीतरी त्याच्या खाली खणलं आणि तो आडवा पडला तो पडलाच. आता त्याच्यावर शेणी थापतात. मी दर वर्षी गेलो की पाणी टाकून धुतो, दुसरं काही करता येत नाही.

आता विचार करा, आठ-दहा पोरं हातात मोबाईल घेऊन देवळामागं दगडांच्या फटीत काहीतरी शोधतायत आणि तोंडात शब्द काय तर खजिना. गावातला म्हातारा माणूस काय समजेल? आणि त्याहून वाईट म्हणजे ज्याच्या डोक्यात आधीच गुप्तधन आहे तो काय समजेल? पोरं घरी गेल्यावर तो रात्री कुदळ घेऊन येईल.

म्हणून माझं कळकळीचं म्हणणं असं की जुन्या दगडाजवळ डबा नकोच. हलशीचं देऊळ, कमल बस्ती ही संरक्षित स्मारकं आहेत, १९५८ चा कायदा आहे, तिथं कशाला वस्तू लपवायची. डब्याच्या जागी प्रश्न ठेवा. आकडे देऊन पोरांना देवळापर्यंत पोचवा आणि तिथं गेल्याशिवाय उत्तर देताच येणार नाही असा प्रश्न विचारा. हलशीला आत दोन गाभारे समोरासमोर आहेत, एकात भूवराह, तर विचारा की वराहानं पृथ्वीला कुठं धरलंय, ती कशी दाखवलीय, चित्र काढून आणा. पोरगं चित्र काढायला बसलं की दहा मिनिटं त्या मूर्तीकडं बघतं, एरवी आपण दहा सेकंदात नमस्कार करून बाहेर येतो. हलशी म्हणजे जुनं पलाशिका, कदंब राजांची दुसरी राजधानी, पाचव्या शतकात त्यांच्यातल्या मृगेशवर्म्यानं इथं जिनालय म्हणजे जैन मंदिर बांधलं होतं, म्हणजे आपल्या तालुक्यात राजधानी होती हे पोरांना त्या पायरीवर बसून सांगा.

आणि कृपया खजिना हा शब्द पूर्ण बंद करा.

---

टिळकवाडीचे_काका

भाच्यानं बरोबर लिवलंय. मी ७१ वर्षांचा, जन्म बेळगावातच.

किल्ल्यात डबा ठेवायचा विचार सोडून द्या सर. किल्ला आणि आजूबाजूचा सगळा भाग लष्कराचा, कॅम्प लागूनच, मराठा लाईट इन्फंट्रीचं सेंटर इथंच. बेवारस डबा दिसला तर काय धावपळ होईल, आणि ती योग्यच आहे. पोरांना युनिफॉर्ममध्ये, स्कार्फ घालून, शाळेचं पत्र घेऊन दिवसा न्या, गेटवर सांगा, बघायला कुणी अडवत नाही. कमल बस्ती १२०४ ची, रट्ट राजा चौथा कार्तवीर्य याचा मंत्री बिचिराज यानं बांधली. मंडपात उभं राहून वर बघायला सांगा, दगडाचं कमळ आहे, पाकळ्या मोजा म्हणावं. आणि एक गोष्ट मला म्हातारपणी कळली ती पोरांना आत्ताच कळू दे, या बस्तीच्या दानाचे १२०४ चे दोन कन्नड शिलालेख आज लंडनला ब्रिटिश म्युझियममध्ये आहेत. दगड आपल्या किल्ल्यातला आणि बघायचा तर लंडनला जायचं. पोरांनी त्या रिकाम्या जागेवर उभं राहून हे ऐकावं असं मला फार वाटतं.

टिळकवाडीत काँग्रेस विहीर आहे ती विसरू नका. डिसेंबर १९२४ चं अधिवेशन, गांधीजी अध्यक्ष, ते त्यांच्या आयुष्यात काँग्रेसच्या अधिवेशनाचे अध्यक्ष झाले ते एकदाच, आणि ते आपल्या बेळगावात. एवढ्या लोकांना पाणी पाहिजे म्हणून ती विहीर काढली. त्या अधिवेशनात गंगूबाई हनगल गायल्या, तेव्हा त्या अकरा वर्षांच्या होत्या, म्हणजे तुमच्या सातवीच्या पोरापेक्षा लहान. मी माझ्या नातवाला विहिरीच्या कठड्याजवळ नेऊन हे सांगितलं तर तो म्हणाला अज्जा ती घाबरली नसेल का. बघा, प्रश्न असा पडला पाहिजे. एरवी पोरं दिवसभर मोबाईलच बघुलालेत, त्याच मोबाईलनं इथपर्यंत आणलं तर बरंच की वो.

---

स्काऊट_सर_खानापूर

हलशीचा_भाचा, राग कसला, तुम्ही डोळे उघडलेत. गुप्तधनाचा विचार माझ्या मनात आलाच नव्हता आणि मी तर बोर्डावर चक्क खजिना शोध असं मोठ्या अक्षरात लिहिलं होतं, आज सकाळी जाऊन पुसलं. काका, विहिरीजवळचा प्रश्न मी तसाच वापरणार, तुमच्या नातवाचा म्हणून.

पण मग एक अडचण. डबाच नसेल तर पोरांची मजा जाते हो. डबा सापडल्यावर जे ओरडतात ना, ते पाहिजेच. काय करावं?

---

निपाणीची_ताई

सर डबा माणसांकडं ठेवा!

आम्ही महिला मंडळाच्या शिबिरात मुलींसाठी असं केलेलं. आकड्यांनी एका दगडापाशी किंवा झाडापाशी पोचायचं, तिथं प्रश्नाचं उत्तर शोधायचं, आणि उत्तरावरून पुढची जागा कळायची, ती जागा म्हणजे कुणाचं तरी घर नाहीतर दुकान. डबा त्या आजीच्या फडताळात. पण डबा मागितला की लगेच मिळत नाही, आधी आजीला एक गोष्ट विचारायची, ती वहीत लिहून घ्यायची, मग आजी डबा काढणार. मुली ओरडल्या तर आजीच जास्त ओरडायची, तिला एवढा आनंद झालेला कारण नातवंडांशिवाय कुणी तिला काही विचारतच नाही.

आमच्या निपाणीत विचारण्यासारखी केवढी गोष्ट आहे बघा. १९८१ साली तंबाखू पिकवणारे शेतकरी भावासाठी पुणे-बंगळूर रस्त्यावर बैलगाड्या घेऊन बसले, शरद जोशींचं आंदोलन, एप्रिलमध्ये गोळीबार झाला आणि माणसं गेली. त्या रस्त्यावर बसलेली माणसं अजून आहेत, सत्तरीत ऐंशीत आहेत. रोज त्याच हायवेवरून मुलं शाळेला जातात आणि त्यांना माहीत नसतं. इतिहास म्हटलं की आपण पटकन किल्ला आणि देऊळ म्हणतो, पण विडीकामगार बाईच्या बोटांना पण इतिहास आहे, दिवसाला किती विड्या वळायची, किती पैसे मिळायचे, हे कोण लिहिणार? दहा वर्षांनी विचारू म्हटलं तर सांगायला ती नसेल.

तुमच्या खानापूरला तर कौलं आणि मातीची भांडी आहेत. जुन्या कौलाच्या पाठीवर कारखान्याचं नाव उमटवलेलं असतं, पोरांना पडक्या घरांची कौलं वाचायला लावा, कुठलं कौल कुठून आलं ते गावातल्या गाडीवानाच्या घरी विचारायला लावा. याला परवानगी कुणाचीच नको, घरमालकाची सोडली तर.

---

बैलहोंगलहून

नमस्कार सर. माझी मातृभाषा कन्नड आहे, मराठी नोकरीच्या निमित्तानं शिकलो, लिहिताना चुकलो तर समजून घ्या. मी हायस्कूलला कन्नड शिकवतो.

नंदगडला जाणार असाल तर एकट्या नंदगडवर थांबू नका. रायण्णांना २६ जानेवारी १८३१ ला तिथं फाशी दिली, पण ती गोष्ट सुरू होते कित्तूरला, ऑक्टोबर १८२४ च्या लढाईत, जिथं इंग्रज अधिकारी थॅकरे मारला गेला. कित्तूरच्या राणी चन्नम्मांचं माहेर काकती, म्हणजे बेळगावला लागूनच, आणि शेवट आमच्या बैलहोंगलच्या किल्ल्यात कैदेत, १८२९. काकती, कित्तूर, बैलहोंगल, नंदगड या चार जागा नकाशावर टाकून पोरांना आडवं-उभं अंतर मोजायला लावा, घोड्यावरून किती तास लागत असतील ते काढायला लावा. होकायंत्राची परीक्षा तिथंच होऊन जाईल.

दुसरं सांगायचं ते तुमच्या तलावाच्या दगडाबद्दल. तो वीरगळ असेल तर खालून वर वाचायचा. सगळ्यात खाली लढाई, तिथं गाई कोरलेल्या असतील तर तो गुरं सोडवताना मेलेला माणूस आहे. मधल्या चौकटीत अप्सरा त्याला वर नेतात, त्याच्यावर तो शिवलिंगासमोर बसलेला, आणि माथ्यावर चंद्र-सूर्य, ते आहेत तोवर याचं नाव राहील अशा अर्थानं. चौकटींच्या मधल्या पट्टीवर अक्षरं असतील तर बहुतेक हळेगन्नड म्हणजे जुनी कन्नड असणार. तुमच्या मुलांना वाचता येणार नाही, आमच्या मुलांनाही सहज वाचता येत नाही, पण काही अक्षरं ओळखतात. कोळसा, खडू, पीठ काही लावू नका, सकाळी लवकर किंवा संध्याकाळी ऊन तिरपं असताना फोटो काढा, अक्षरं आपोआप उठून दिसतात. मला दाखवा, मी आमच्या इथल्या जाणकारांना विचारतो. आणि जमलं तर माझ्या वर्गातली दहा मुलं एक दिवस तुमच्याकडं घेऊन येतो. एका संघात दोन्हीकडची मुलं. म्हातारी माणसं मराठी बोलतील तिथं तुमचे पुढं, दगड कन्नड बोलेल तिथं आमचे.

---

डबा_शोधक

वा. एकच जोडतो, भीमगड यादीतून काढा. ते २०११ पासून अभयारण्य आहे, वनखात्याच्या परवानगीशिवाय आत जायचंच नाही आणि २४ पोरं घेऊन तर नाहीच. त्याऐवजी गोकाकचा धबधबा घ्या, घटप्रभा तिथं ५२ मीटर खाली पडते. या खेळात अर्थकॅश म्हणून प्रकार असतो, त्यात डबा नसतो, खडक बघून प्रश्नाची उत्तरं द्यायची. पाण्यापासून लांब उभं राहून, कठड्याच्या आत, थर किती दिसतात ते मोजायचं.

---

स्काऊट_सर_खानापूर

मंडळी, काल रविवारी पहिली चाचणी केली, फक्त आमच्या गावात, तीन जागा. सांगितल्याशिवाय राहवत नाही.

पंचायतीला आणि बीट पोलिसाला आधी पत्र दिलं. डब्यावर मराठी आणि कन्नड दोन्हीत लिहिलं, शाळेच्या स्काऊट पथकाचा आहे, आत वही आहे, आणि शाळेचं नाव. डबे तिन्ही माणसांकडं, एक किराणा दुकानात, एक कुंभाराच्या आव्याजवळ, एक तलावाकाठच्या एका अज्जीकडं.

पहिल्या संघानं ६० नं भागायचं विसरलं आणि अर्धा तास उसाच्या फडाभोवती फिरले. दुसऱ्या संघाला मोबाईल सारखा इकडं-तिकडं दाखवायला लागला तेव्हा संघनायकानं स्वतःच्या मनानं मोबाईल खिशात टाकला आणि होकायंत्र काढून पावलं मोजत गेला, आणि बरोबर दगडापाशी पोचला. मी लांबून बघत होतो, गळा दाटून आला.

तलावावरचा दगड वीरगळच आहे. खालच्या चौकटीत पाच गाई आहेत. मी दोन वर्षं तो दगड बघतोय आणि मला तीन दिसायच्या, दोन मातीत अर्ध्या बुडाल्यात, त्या एका सातवीतल्या मुलानं जमिनीवर आडवं पडून मोजल्या. मग अज्जीला विचारलं. ती म्हणाली आम्ही लहानपणी याला गाईचा देव म्हणायचो, गाय व्याली की पहिलं दूध याच्यावर घालायचो, माझ्या सासूनंतर कुणी घालत नाही. कोण होता, कधीचा, तिला माहीत नाही. पण गाई सोडवताना मेलेल्या माणसाला गावानं दुधानं लक्षात ठेवलं होतं हे ऐकून पोरं गप्पच झाली. डबा मागायचं पण विसरली, अज्जीनंच आठवण केली.

मधल्या पट्टीवर घासलेली अक्षरं आहेत असं वाटतंय. संध्याकाळी साडेपाचच्या उन्हात फोटो काढलेत, बैलहोंगलहून सर तुम्हाला निरोपात पाठवलेत, बघून सांगाल का? माती हटवलेली नाही, दगड हलवलेला नाही.

---

बैलहोंगलहून

फोटो बघितले. दुसऱ्या ओळीत सुरुवातीला जे आहे ते मला "तुरु" वाचता येतंय. तुरु म्हणजे जुन्या कन्नडमध्ये गाई. पुढचं प्रत्यक्ष बघायला लागेल. येत्या दुसऱ्या शनिवारी सकाळी सातच्या आत पोचतो, मुलांना घेऊन. अज्जींना सांगून ठेवा, आणि थोडं दूध आणून ठेवायला सांगा.

---

स्काऊट_सर_खानापूर

सांगितलं. दूध संघनायकाच्या घरचं येतंय, त्यांच्या गाईला कालच वासरू झालंय.